रजई-गादीचं घरचं दुकान काढताय? रुई मोजण्याआधी या गोष्टी मोजा

दिवाळी सरली, पहाटे अंगावर काहीतरी ओढावंसं वाटू लागलं की शहरातल्या रस्त्यांच्या कडेला रजया टांगलेल्या दिसू लागतात. त्यातली बरीच दुकानं आपल्याच माणसांची असतात. बाप मशीनवर, मुलगा गल्ल्यावर, आणि घरी अम्मी, बहीण, सून खोळी शिवतायत असं चित्र असतं. हल्ली मुलाला बारावीनंतर नोकरी मिळाली नाही किंवा चाचा आखातातून परत आले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपला खानदानी धंदा आहे, दुकान टाकू या."

दुकान टाकणं सोपं आहे. एक गाळा, एक मशीन, चार पोती रुई, झालं दुकान. ते पाच वर्षं टिकवणं आणि पाच वर्षांनी घरातली माणसं एकमेकांशी बोलत असणं, हे अवघड आहे. म्हणून सुरुवातीलाच काय काय ठरवायला हवं, किती खर्च धरायला हवा, कोणते कागद लागतात आणि शरीयतच्या दृष्टीने कुठे जपायला हवं, ते क्रमाने पाहू.

धंदा जुना, गिऱ्हाईक नवं

पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही नावं या कामातूनच आली. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. हल्लाज या शब्दाचा अर्थही तोच. बगदादमध्ये सन ९२२ मध्ये ज्यांना मृत्युदंड झाला, त्या सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी मन्सुरी बिरादरी आपलं नाव जोडते. आपल्या वाडवडिलांनी खांद्यावर पिंजण घेऊन, तात वाजवत गावोगाव फिरून पोट भरलं. गिऱ्हाईकाच्या अंगणात बसायचं, त्याचीच जुनी रुई पिंजायची, त्याच्यासमोर गादी भरून द्यायची. त्या पद्धतीत भांडवल फारसं लागत नव्हतं आणि फसवणुकीला जागाही नव्हती, कारण सगळं काम गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर व्हायचं.

आता दोन्ही गोष्टी बदलल्या. फोमच्या गाद्या आल्या, पानिपतहून येणारी ब्लँकेटं स्वस्त मिळतात, मोबाईलवर मागवलं की रजई दारात येते. गिऱ्हाईक तयार माल उचलतं, आत काय भरलंय ते त्याला दिसत नाही. त्यामुळे ब्लँकेटवाल्याशी किमतीत स्पर्धा करून घरचं दुकान जिंकणार नाही. आपल्याकडे तीन गोष्टी आहेत ज्या मोठ्या दुकानाकडे नाहीत: हव्या त्या मापाचा माल, जुन्या गादीची दुरुस्ती आणि ओळखीतून येणारा विश्वास. दुकान या तीन पायांवर उभं करायचं.

दुकानात ठेवायचं काय?

पहिल्या दिवशी सगळं ठेवायचा मोह टाळा. सुरुवातीला चार कामं पुरेत: सिंगल आणि डबल रजई, गादी, उशी, आणि जुनी रुई पिंजून पुन्हा भरून देणं. लहान मुलांच्या दुपट्यांना वर्षभर मागणी असते आणि त्यात उरलेलं कापड खपतं. घरात चांगला हात असलेली बाई असेल तर गोधडीची ऑर्डर घ्या. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. आजीच्या साड्यांची गोधडी शिवून घेणारी शहरी गिऱ्हाईकं आता मुद्दाम शोधत येतात.

भरण्याचा माल साधारण चार प्रकारचा असतो.

नवी रुई: जिनिंगमध्ये सरकी काढून आलेला कापूस. ऊब चांगली, घाम शोषते, पुन्हा पिंजता येते. पण धुता येत नाही, उन्हातच टाकावी लागते.

जुनी किंवा चिंध्यांची रुई: वापरलेली किंवा कापडाच्या तुकड्यांपासून तयार केलेली. स्वस्त असते, पण धागे आखूड असल्याने लवकर गोळे होतात.

फायबर: पॉलिएस्टरचं. हलकं, घरी धुता येतं, लवकर सुकतं. घाम मात्र शोषत नाही.

सावरीचा कापूस: मऊ आणि हलका. उशीसाठी लोक आवर्जून मागतात.

चारही विकणं हलाल आहे. एकाच्या नावाखाली दुसरं विकणं हलाल नाही. याकडे पुढे पुन्हा येऊ.

एका रजईचा हिशोब

बहुतेक घरच्या दुकानांत किंमत ठरते ती शेजारच्या दुकानाकडे बघून. तसं करू नका. एक वही घ्या आणि एका रजईचा खर्च ओळीने लिहा. खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातले दर घालून हाच हिशोब पुन्हा करा.

समजा, ५ फूट बाय साडेसात फुटांची सिंगल रजई आहे आणि तिच्यात २ किलो रुई भरायची आहे.

रुई: पिंजताना थोडी धूळ-घाण निघून जाते, म्हणून २ किलो १०० ग्रॅम धरा. २२० रुपये किलोने ४६२ रुपये.
कापड: दोन्ही बाजू मिळून ५ मीटर, ८० रुपये मीटरने ४०० रुपये.
पिंजाई: ५० रुपये.
शिलाई आणि धावदोरा: १५० रुपये.
दोरा, पिशवी: ३० रुपये.

झाले १,०९२ रुपये. बरेच जण इथेच थांबतात. पण गाळ्याचं भाडं ७,००० आणि वीजबिल २,००० असेल, तर दर महिन्याला ९,००० रुपये माल विकला काय, न विकला काय, जाणारच. महिन्याला ६० रजया विकल्या तर प्रत्येकीवर १५० रुपये पडतात. म्हणजे खरा खर्च १,२४२ रुपये. रजई १,५०० ला विकली तर हातात उरतात २५८.

यातून तीन गोष्टी कळतात.

पहिली: १,५०० मधून १,०९२ वजा केले की ४०८ उरतात. महिन्याचे ९,००० रुपये भागवायला अशा २३ रजया विकाव्या लागतात. तेवीसच्या खाली ज्या महिन्यात विक्री, तो महिना तोट्याचा. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरी: उधारीवर दिलेली एक रजई बुडाली, तर खिशातले १,२४२ रुपये जातात. ते भरून काढायला जवळपास पाच रजयांचा नफा लागतो. "अपनेच आदमी हैं" म्हणून दिलेली उधारी किती महाग पडते, ते इथे दिसतं. उधारी द्यायचीच तर एका माणसाला किती आणि किती दिवसांची, याची मर्यादा आधी ठरवा.

तिसरी: पिंजाईचे ५० आणि शिलाईचे १५० घरच्याच माणसाने केले, तरी ते खर्चात धरायलाच हवेत. ते धरले नाहीत तर दुकान नफ्यात दिसतं, आणि घरातल्या बाईच्या फुकट मेहनतीवर चालत असतं. पुढे तिची तब्येत बिघडली किंवा मुलगी लग्न होऊन गेली की तोच नफा अचानक गायब होतो.

वर्षाचं चक्र समजून घ्या

कापसाची वेचणी साधारण ऑक्टोबरपासून सुरू होते. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातलं जिनिंग नोव्हेंबरनंतर जोरात असतं. रजईची विक्री मात्र दिवाळी ते संक्रांत या काळात असते. म्हणजे या हिवाळ्यात विकायचा बराचसा माल आधीच्या हंगामातल्या रुईचा असतो आणि तो पावसाळ्यात सांभाळावा लागतो. रुई हवेतली ओल पटकन धरते. पोती थेट जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

थंडीनंतर लग्नसराई येते. तेव्हा गादी-उशीच्या सेटला मागणी असते. इथे एक विनंती. कर्ज काढून जहेजचा महाग सेट घ्यायला आलेला बाप ओळखू येतो. त्याला साधा, टिकाऊ सेट सुचवा. दोन पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक आयुष्यभराचं होईल.

पावसाळा हा मंदीचा काळ. या दिवसांत जुन्या गाद्यांची दुरुस्ती, शाळेच्या वसतिगृहांच्या गाद्या, मदरशांचं काम, दुपटी यांवर दुकान तगतं. दुरुस्तीत रुई गिऱ्हाईकाची असते, आपलं भांडवल अडकत नाही. म्हणून ते काम कमी प्रतीचं समजू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी आत्तापासून लक्षात ठेवावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस येईल. २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा वर्षात दोनदा सुरू होईल. चांद दिसण्यानुसार एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे येत्या काही वर्षांत रोजे आणि रजईचा हंगाम एकमेकांत मिसळत जाणार आहेत. रोज्यात धुळीत मशीन चालवणं सोपं नाही. त्यामुळे माल आधीच तयार करून ठेवणं, कामाच्या वेळा सकाळी लवकर घेणं, हे नियोजन या वर्षांत जमलं पाहिजे.

भांडवल कुठून आणायचं?

सगळ्यात बरं भांडवल घरातलं. ते पुरत नसेल तर नातेवाईकांकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने. तिसरा मार्ग भागीदारीचा, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

मुदारबा म्हणजे एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा झाला आणि त्यात मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल, तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली. हजरत खदीजा (रजि.) यांच्या मालाचा व्यापार पैगंबर (सल्ल.) यांनी केला, तो याच धर्तीचा होता. मुशारका म्हणजे दोघांचाही पैसा. नफा ठरेल त्या प्रमाणात, तोटा मात्र ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. "तू दोन लाख दे, मी दर महिन्याला ठरावीक चार हजार देतो" ही भागीदारी होत नाही. नाव काहीही द्या, ते व्याजच.

सरकारी योजनाही माहीत असाव्यात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक, महिला आणि ओबीसी अर्जदारांना स्वतःचे ५ टक्के भरावे लागतात, आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के असं ठरवलेलं आहे. अर्ज करण्याआधी योजना सध्या सुरू आहे का, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, तिथेही चौकशी करावी. पिंजारी समाज राज्याच्या ओबीसी यादीत असल्याने जातीचा दाखला काढून ठेवलेला बरा. यातल्या बहुतेक योजना बँकेच्या कर्जाशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे व्याजाच्या बाबतीत आपल्या आलिमांशी मशवरा करूनच पाऊल टाका.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल गैरसमज आहे. तिच्या १८ कारागिरांच्या यादीत शिंपी आहे, पण कापूस पिंजणारा नाही. एजंट काहीही सांगो, पिंजारी म्हणून तिथे अर्ज होत नाही. घरात खरोखर शिवणकाम करणारी व्यक्ती असेल, मग ती आपली अम्मी किंवा बाजी का असेना, तर ती शिंपी म्हणून अर्ज करू शकते. कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. कर्ज नको असेल तर अर्जात तसं सांगता येतं.

दुकान नक्की कोणाचं?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही हाच. "घरच्यात काय लिहापढी करायची?" असं म्हणून आपण तो विषय बंद करतो. पण कुरआनच्या सूरह बकरामधली २८२ वी आयत, जी कुरआनमधली सगळ्यात लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दलच आहे. त्यात परक्यांसाठी एक नियम आणि घरच्यांसाठी दुसरा, असा फरक केलेला नाही.

एक उदाहरण घ्या. अब्बांनी दुकान काढलं. थोरला मुलगा पंधरा वर्षं त्यांच्यासोबत राबला. पगार ठरलेला नव्हता, घरखर्च एकत्र चालायचा. धाकटा बाहेरगावी नोकरीला. मुलगी सासरी. अब्बांचं निधन झालं. आता थोरला म्हणतो, "दुकान मी उभं केलं, ते माझंच." धाकटा म्हणतो, "दुकान अब्बांचं, मला वाटा हवा." आणि मुलीला कोणी विचारतच नाही, तिला "जहेजमध्ये दिलं की" असं ऐकवलं जातं.

हनफी फिकहच्या किताबांतलं सर्वसाधारण मत असं की बाप आणि त्याच्या घरात, त्याच्या खर्चात राहणारा मुलगा एकाच धंद्यात असतील आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कमाई बापाची मानली जाते. मुलगा मदतनीस. म्हणजे वरच्या उदाहरणात सगळं दुकान वारशात जातं. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा करून पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात दोन्ही मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक भाग. पंधरा वर्षं धूळ खाल्लेल्या थोरल्याला धाकट्याएवढंच मिळतं. त्याला तो अन्याय वाटतो, मग तो चावी सोडत नाही, आणि त्यात आई आणि बहिणीचा हक मारला जातो. भांडण हक आणि मेहनतीचं असतं, पण मूळ चूक अब्बा हयात असताना काहीच न ठरवण्यात असते. (कोकणातल्या शाफई बांधवांनी आणि ज्यांचा मामला गुंतागुंतीचा आहे त्यांनी आपापल्या मुफ्तींना विचारावं.)

उपाय एका पानाचा आहे. दुकान उघडण्याआधी सगळ्यांनी बसावं आणि लिहावं:

१. भांडवल कोणाचं किती?
२. कोण पगारावर, कोण भागीदार, कोण नुसता मदतीला? पगार किती, हिस्सा किती?
३. गाळा आणि मशीन कोणाच्या नावावर?
४. घरखर्चासाठी महिन्याला किती उचलायचं?
५. कोणी बाहेर पडलं किंवा वारलं तर हिशोब कसा करायचा?

खाली तारीख, सह्या, दोन साक्षीदार. भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारनामा करून त्याची नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातला हक्क मिळवण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही.

बायकांच्या पैशाबद्दल वेगळं लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त हयगय होते. बायकोचा मेहर आणि तिचे दागिने तिचे आहेत. मशीन घेण्यासाठी दागिने मोडले, तर ते तिने दिलेलं कर्ज आहे की तिची भागीदारी, की तिने खुशीने दिलेली भेट, हे तिच्या तोंडून विचारा आणि लिहा. "घरासाठीच तर दिले" हे वाक्य नवऱ्याने तिच्या वतीने बोलायचं नसतं. तसंच खोळी शिवणाऱ्या सुनेचा, बहिणीचा नगावर दर ठरवा आणि दर आठवड्याला तो तिच्या हातात द्या. वरच्या हिशोबातले १५० रुपये तिचेच आहेत.

कागदपत्रं: घाबरण्यासारखं काही नाही

उद्यम नोंदणी: १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही ऑनलाइन नोंदणी आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट किंवा तशीच दिसणारी खासगी वेबसाईट दिसली तर दूर राहा. बहीण किंवा पत्नी खरोखर मालक असेल तर तिच्या नावाने करा. नुसतं अनुदानासाठी तिचं नाव आणि कारभार सगळा आपला, असं नको.

दुकान कायदा: महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे चार-पाच माणसांच्या दुकानाला नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती बँक खातं उघडायला उपयोगी पडते.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. लक्षात घ्या, उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती रजईवर ५ टक्के आणि त्यापुढच्या रजईवर १८ टक्के कर आहे. नोंदणी असलेल्यांनी २,६०० ची रजई विकताना हा फरक ध्यानात ठेवावा. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विक्री सुरू करण्याआधी कर सल्लागाराला एकदा विचारा.

वजनकाटा: इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का दरवर्षी करून घ्यावा लागतो.

वीज: पिंजण्याच्या मशीनसाठी घरगुती मीटर वापरू नका. मोटारीच्या ताकदीप्रमाणे योग्य जोडणी घ्या.

खोळीच्या आत काय आहे?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर (सल्ल.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितलं, पावसाने भिजलं. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असं त्यांनी विचारलं. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असं बजावलं.

रजई म्हणजे असा ढीग, ज्यावर खोळ शिवलेली आहे. गिऱ्हाईक आत हात घालू शकत नाही. २ किलो सांगून २०० ग्रॅम कमी भरली तर वरच्या दराने ४४ रुपये वाचतात. वर नवी रुई आणि मधल्या थरात चिंध्यांची घातली तर आणखी वाचतात. पावसाळ्यातली ओलसर रुई वजनाने विकली तर पाण्याचेही पैसे येतात. कोणाला कळणार नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना इशारा आहे, तो अशाच माणसासाठी आहे.

दुरुस्तीच्या कामात जबाबदारी आणखी वाढते. गिऱ्हाईकाची रुई ही अमानत आहे. तिच्यातली चांगली काढून हलकी घालणं म्हणजे सरळ चोरी.

यावर साधे उपाय आहेत. एक बाजू उघडी ठेवलेली नमुन्याची रजई दुकानात ठेवा. भरलेला माल गिऱ्हाईकासमोर तोला. खोळीचं वजन वेगळं आधीच सांगा. प्रत्येक रजईला चिठ्ठी शिवा: रुई नवी की जुनी की फायबर, वजन किती, माप किती, कोणत्या महिन्यात भरली. जुन्या रुईची रजई स्वस्तात विका, पण जुनी म्हणून विका. दुरुस्तीची रुई घेताना वजन करून पावती द्या आणि पिंजल्यावर धूळ जाऊन किती घटली ते दाखवा. काही महिन्यांत लोक म्हणू लागतात, "तिथे जे सांगतात तेच भरतात." मोठ्या दुकानाला अशी जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचे व्यापारी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या काट्यावरही ते दिसायला हवं.

धूळ, आग आणि मुलं

कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बायसिनोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळल्यासारखी होते, खोकला येतो. ज्यांची सुट्टी जुम्याला असते त्यांनी शनिवारकडे लक्ष द्यावं. "हा तर आपल्या धंद्यातला खोकला" म्हणून सोडून देऊ नका. मशीन दुकानाच्या मागे, हवा खेळेल अशा जागी ठेवा. धूळ बाहेर फेकणारा पंखा बसवा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावा. साधा रुमाल पुरत नाही. मशीनजवळ तान्ही मुलं आणि दम्याची माणसं नकोत.

सुट्या रुईला ठिणगी पुरते. जुन्या गादीतली पिन, खिळा, नाणं मशीनमध्ये गेलं की ठिणगी उडू शकते, म्हणून रुई हाताने चाचपूनच घाला. उघड्या वायरी नकोत, आत बिडी-सिगारेट नको, माल आणि दिवे यांत अंतर हवं. आग विझवायचं सिलिंडर दाराजवळ ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला ते चालवता यायला हवं. एका रात्रीत सगळ्या घराचं भांडवल राख होऊ शकतं.

आता मुलांचं. चौदा वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हलकी मदत करायला कायद्याची हरकत नाही. धोक्याच्या कामाला आहे. मशीनवर मुलाला उभं करायचं नाही, यात तडजोड नको. शिक्षक म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या हजेरीपटात धंदेवाल्या घरांतल्या मुलांच्या गैरहजेऱ्या मला दिसतात. हंगाम दोन महिन्यांचा असतो, पण नववी-दहावीत बुडालेले दोन महिने भरून निघत नाहीत. मुलाला दुकानात घ्यायचंच तर संध्याकाळी वही लिहायला बसवा. वरचा रजईचा हिशोब त्याच्याकडून, आणि मुलीकडूनही, करून घ्या. टक्केवारी, नफा-तोटा, क्षेत्रफळ सगळं त्यात आलं.

जकातचा हिशोब

दुकान चालू लागलं की जकात आली. मशीन, काटा, कपाट, गाळा यांवर जकात नाही. विकायच्या मालावर आहे: रुई, कापड, तयार रजया. जकातच्या तारखेला बाजारात जो भाव असेल तो धरायचा. समजा माल २ लाखांचा, रोख ५०,०००, परत येईल अशी उधारी ३०,००० आणि व्यापाऱ्याचं देणं ४०,०००. उरले २ लाख ४० हजार. निसाबपेक्षा जास्त असल्यास अडीच टक्क्यांनी ६,००० रुपये जकात. तारीख इस्लामी महिन्याची धरा, कारण चांद्र वर्ष लहान असतं. गिऱ्हाईकाची दुरुस्तीला आलेली रुई यात धरू नका, ती आपली नाहीच.

सुरुवात कशी करावी?

शक्य असेल तर पहिला हंगाम घरातूनच करा. मशीन न घेता पिंजाई बाहेरून करून घ्या, वीस-तीस रजया विका, हिशोब लिहा. पहिल्या हंगामात खर्च वजा जाता हातात काही उरलं, दिलेली उधारी परत आली आणि घरातल्या सगळ्यांना आपापले पैसे मिळाले, तर पुढच्या वर्षी गाळा बघा. ते जमलं नाही, तर मोठ्या भाड्याच्या गाळ्यातही जमणार नाही.

आणि उद्घाटनाच्या दिवशी दुआ होईल, मिठाई वाटली जाईल. त्याच्या आदल्या रात्री ते एक पान लिहून, सह्या करून अम्मीच्या कपाटात ठेवलेलं असू द्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या रिझ्कमध्ये बरकत आणि मापात सच्चाई देवो. आमीन.